बाजार सगळ्यात शेवटी भरवा: तिसरी-चौथीच्या वर्गात अर्थशास्त्र शिकवायचं कसं

थंडी पडली की जिल्हा परिषदेच्या शाळांत बाल आनंद मेळाव्यांची धामधूम सुरू होते. पटांगणात सतरंज्या पडतात, कोणी भेळ, कोणी मेथीच्या जुड्या, कोणी आईने तळून दिलेले वडे घेऊन बसतं. पालक येतात, कौतुकाने विकत घेतात, फोटो ग्रुपवर जातात. मजा येते, आणि ती यावीच. पण यातून मुलं व्यवहार शिकली असं आपण अहवालात लिहितो, ते जरा तपासून पाहायला हवं. वड्यांचं तेल-बेसन कोणी मोजलेलं नसतं. गिऱ्हाईक म्हणजे आपलेच मामा-मावशी, त्यामुळे माल पडून राहायचा प्रश्नच येत नाही. आणि संध्याकाळी गल्ल्यात जमलेली सगळी रक्कम ‘नफा’ म्हणून फळ्यावर चढते. जिथे तोटा होऊच शकत नाही, तिथे भाव, खर्च, निवड यांतलं फार काही कळत नाही.

म्हणून नव्याने हे काम हाती घेणाऱ्या गुरुजींना आणि बाईंना माझा पहिला सल्ला: बाजार सगळ्यात शेवटी ठेवा. त्याआधी काही शनिवार छोट्या खेळांना द्या. शाळांत खेळ-उपक्रमांसाठी असलेला ‘आनंददायी शनिवार’ आहेच, वेगळा तास मागावा लागत नाही. खालचा क्रम तिसरी-चौथीसाठी आहे. पहिली-दुसरीला पहिले दोन खेळ पुरेत.

साहित्य घरचंच. किलोभर चिंचोके (हे आपलं चलन), रद्दी, खळ, बिस्किट-साबणाची रिकामी वेष्टनं आणि प्रत्येक मुलाची एक चाळीस पानी वही. एक सावधगिरी: खेळासाठी खऱ्या नोटांच्या रंगीत झेरॉक्स काढू नका. खऱ्यासारखी दिसणारी नोट बनवणं हा कायद्याने गुन्हा आहे, मग हेतू कितीही शैक्षणिक असो. चिंचोके बरे.

घेतलं आणि सोडलं

प्रत्येकाला १० चिंचोके द्या. फळ्यावर भावफलक लिहा: नवी पेन्सिल ६, राजगिऱ्याची वडी ५, आठवडाभर खिडकीजवळची जागा ५, सरांकडून हव्या त्या गोष्टीचं वाचन ४, चित्रकलेचा कोरा कागद ३. दहात सगळं बसत नाही, आणि तसं ते मुद्दामच ठेवायचं. मुलांना खरेदी करू द्या. नंतर वहीत दोन रकाने आखायला सांगा: ‘घेतलं’ आणि ‘सोडलं’.

दुसऱ्या रकान्यात मुलं उरलेली सगळी यादी उतरवून काढतात. तिथे थांबवायचं. दहा चिंचोक्यांत ते सगळं मिळणारच नव्हतं, मग ते सोडलं असं कसं म्हणायचं? पेन्सिल आणि गोष्ट घेणाऱ्या मुलीला विचारा, “पेन्सिल नसती घेतली, तर त्या सहा चिंचोक्यांचं काय केलं असतंस?” ती म्हणाली, “वडी,” तर पेन्सिलीपोटी तिने वडी सोडली. तेवढंच लिहायचं. एकच वस्तू, मनातली पुढची. मोठ्या वर्गांत संधी खर्च म्हणून जे शिकवतात ते इतकंच आहे, आणि आठ वर्षांच्या मुलाला ते व्याख्येशिवाय कळतं. हा रकाना पुढच्या प्रत्येक खेळात ठेवा. वर्षभरात एवढी एक सवय लागली तरी बाकीचं थोडं राहिलं तर चालेल, असं माझं मत आहे.

याच सुमारास ‘गरज की चैन’ हा खेळ घ्यायचा मोह होतो: चित्रं द्यायची, दोन टोपल्यांत टाकायला लावायची. जपून. ‘मोबाईल’चं चित्र चैनीच्या टोपलीत पडलं की आपण “शाब्बास” म्हणतो, आणि ज्याचे आईवडील ऊसतोडीला गेलेत, ज्याला त्यांचा आवाज फक्त आजीच्या मोबाईलवर ऐकू येतो, तो पोरगा गप्प बसतो. टोपल्या ठेवायच्याच असतील तर बरोबर-चूक करू नका. “कोणाला? कधी?” एवढं विचारा. जूनमधली छत्री आणि फेब्रुवारीतली छत्री यांवर वर्ग अर्धा तास भांडू शकतो.

सहा रंगपेट्या, तीस मुलं

हा खेळ पंधरा मिनिटांचा. सहा रंगपेट्या टेबलावर ठेवा आणि विचारा, वाटायच्या कशा? चिठ्ठ्या टाका, आधी आला त्याला द्या, ज्याच्याकडे नाही त्याला द्या, चित्र चांगलं काढतो त्याला द्या, पाच जणांत एक द्या, जास्त चिंचोके देईल त्याला द्या, असे सगळे मार्ग मुलंच सुचवतात. प्रत्येक मार्गाने कोण खूश, कोण नाराज, हे फळ्यावर मांडा आणि त्यांतले दोन करून बघा. रेशनची रांग, शिष्यवृत्ती, एसटीतली राखीव सीट ही उदाहरणं मग तीच देतात. तुम्ही निकाल देऊ नका.

अदलाबदल

पैसा कशासाठी लागतो हे सांगण्याआधी तो नसला तर काय होतं ते अनुभवू द्या. प्रत्येकाला एक चिठ्ठी: माझ्याकडे काय आहे, मला काय हवं. चिठ्ठ्या बनवताना तिघातिघांचं वर्तुळ करा. पहिल्याकडे गूळ, हवी चप्पल. दुसऱ्याकडे चप्पल, हवं मडकं. तिसऱ्याकडे मडकं, हवा गूळ. कोणत्याही दोघांचं थेट जमत नाही, अशी ही मांडणी आहे. दहा मिनिटं द्या आणि गोंगाट सहन करा.

लक्ष ठेवायचं ते एका क्षणावर. बहुतेक मुलं “तुझ्याकडे चप्पल आहे का, तुझ्याकडे आहे का” करत फिरतात आणि चप्पलवाला सापडला की त्याला गूळ नको असतो, म्हणून हिरमुसतात. मग एखादी पोर गूळ देऊन मडकं घेते. मडकं तिला नकोच असतं, पण चप्पलवाल्याला ते हवंय हे तिने ऐकलेलं असतं. तिला सगळ्यांसमोर उभं करून विचारा, “नको असलेली वस्तू का घेतलीस?” पुढच्याला चालते म्हणून घेतली, हे तिच्या तोंडून आलं की पैशाची अर्धी गोष्ट सांगून झाली. मग दुसरी फेरी चिंचोक्यांनी खेळा. ती पटकन संपते.

घरी विचारून यायला सांगा: बोहारीण येते का? जुन्या साड्या-पँटवर पातेलं देताना ती आणि आई कशी घासाघीस करतात? आजी-आजोबांना बलुत्याबद्दल विचारायलाही सांगा. वर्षभराच्या कामाबद्दल सुगीला धान्य मिळायचं, ही त्यातली एक बाजू. कोणी कोणतं काम करायचं हे जन्मानेच ठरायचं आणि ते नाकारायची सोय नव्हती, ही दुसरी. मुलांनी तो विषय काढला तर टाळू नका. काढला नाही तर एका वाक्यात तुम्ही सांगा.

नोट नीट बघणं

एक तास पुरे. २० रुपयांची हिरवट-पिवळी नवी नोट उलटी करा: मागे वेरूळची लेणी आहेत. बाजूच्या पट्टीत १५ भाषा आहेत, त्यांतली मराठी शोधायला लावा. कोकणीही आहे. एक रुपयाची जुनी नोट कोणाच्या घरी असेल तर ती आणायला सांगा. इतर नोटांवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांची सही असते, तिच्यावर मात्र भारत सरकारच्या वित्त सचिवांची. आपल्या नोटांपैकी काही नाशिकरोडला छापल्या जातात आणि नाण्यांची एक टांकसाळ मुंबईत आहे, हे कळलं की मुलांचा चेहरा बघण्यासारखा होतो. मुंबई-ठाण्याच्या शाळांनी सहल काढायचीच असेल तर फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं चलन संग्रहालय बघावं.

लिलाव

मला सगळ्यांत आवडणारा खेळ हाच. राजगिऱ्याचे तीन लाडू घ्या. सगळ्यांना १०-१० चिंचोके वाटा आणि लिलाव पुकारा: एक वार, दोन वार, तीन वार. तिन्ही लाडू कितीला गेले ते फळ्यावर लिहा. मग चिंचोके परत घेऊन प्रत्येकाला २०-२० द्या. वर्गात आरोळी उठते, सगळे श्रीमंत! आता तसेच तीन लाडू पुन्हा लिलावाला काढा. भाव जवळपास दुप्पट होतो. लाडू तेवढेच, खाणारी तोंडं तेवढीच.

“सरकार खूप नोटा छापून सगळ्यांना का वाटत नाही?” हा प्रश्न चौथीत हमखास येतो. तो या लिलावाआधी आला तर उत्तर देऊ नका, “शनिवारी बघू,” म्हणा.

तिसऱ्या फेरीत चिंचोके वीसच ठेवा, पण लाडू तीनाचे दहा करा. भाव कोसळतो. शेतकऱ्याच्या घरातलं एखादं पोर इथे लगेच म्हणतं, “आवक वाढली.” त्याला फळ्याजवळ बोलवा आणि पुढचा तास त्याच्यावर सोपवा. कांद्याचं त्याला जितकं कळतं तितकं पुस्तकात नाही.

खेळात दोघं-तिघं चिंचोके एकत्र करून बोली लावतात. ही लबाडी नव्हे, लावू द्या. लाडू कसा वाटून घेणार, हे मात्र आधी वहीत लिहून घ्या, नाहीतर मधल्या सुट्टीत मारामारी.

यालाच जोडून भिंतीवर बाजारभावाचा तक्ता लावा. वर्तमानपत्रात लासलगावचा किंवा तुमच्या जवळच्या बाजार समितीचा कांद्याचा भाव क्विंटलमागे छापून येतो. आठवड्यातून एकदा तो उतरवायचा, १०० ने भागून किलोचा भाव काढायचा आणि शेजारी गावातल्या दुकानातला किरकोळ भाव लिहायचा. महिनाभराने दोन्हींतला फरक डोळ्यांत भरतो आणि मुलं म्हणतात, “मधला माणूस लुटतो.” तसं होतही असेल, पण त्या दिवशी त्यावर मान डोलावू नका. आधी यादी करायला लावा: गोणी, हमाली, तोलाई, टेम्पोचं भाडं, वाटेत सडलेला माल, दुकानाचं भाडं. यादी झाल्यावर फरक जास्त वाटतो की ठीक, हे त्यांचं त्यांना ठरवू द्या. भाजीवालीला वर्गात बोलावता आलं तर फारच उत्तम. पहाटे किती वाजता उठते, हा प्रश्न मुलं आपणहून विचारतात.

वेष्टनं

रिकामी वेष्टनं जमवा. कमाल किरकोळ किंमत आणि निव्वळ वजन शोधून १०० ग्रॅमची किंमत काढा. चौथीचा गुणाकार-भागाकार इथेच होऊन जातो. मोठा पुडा दर वेळी स्वस्तच निघतो असं नाही, बघा करून. पाच रुपयांच्या पुड्याची किंमत वर्षानुवर्षं पाचच राहते आणि आतला माल कमी होत जातो, हे जुनं वेष्टन हाती लागलं तर दाखवता येतं. छापलेली किंमत सर्व करांसहित असते, तिच्याहून जास्त पैसे मागता येत नाहीत. कमी मात्र घेता येतात. बऱ्याच मोठ्यांनाही ही छापील किंमत म्हणजे ठरलेला भाव वाटतो.

कागदी पिशव्या

पाच-पाच जणांचे गट करा. निम्म्या गटांत प्रत्येकजण सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतःची पिशवी करेल. उरलेल्या गटांत एक कापेल, एक घडी घालेल, एक खळ लावेल, एक तळ दुमडेल, एक नाडी ओवेल. पंधरा मिनिटं द्या. कामं वाटून घेतलेले गट बहुधा पुढे जातात, पण खळ लावणाऱ्यासमोर ढीग साठतो आणि नाडीवाला रिकामा बसून राहतो. मग गटातलं कोणीतरी न सांगता उठून खळ लावायला जातं. नंतर विचारा, कोणाला कंटाळा आला? दिवसभर फक्त नाडी ओवायची असेल तर? पिशव्या फेकू नका, बाजारात लागतील.

सामाईक शेंगदाणे

चौघांत एक ताटली, तीत १६ शेंगदाणे. प्रत्येक फेरीत हवे तेवढे उचलायचे. ताटलीत जेवढे उरतील तेवढेच आणखी मी घालेन, पण एकूण १६ च्या वर नाही. पहिल्या खेळात बोलायला बंदी. शिट्टी वाजताच ताटल्या साफ होतात आणि शून्याची दुप्पट शून्यच. दुसऱ्या खेळात आधी दोन मिनिटं बोलायची मुभा द्या. काही गट प्रत्येकी दोनवर येतात: आठ गेले, आठ उरले, पुन्हा सोळा. ती ताटली कधीच रिकामी होत नाही.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी गावोगावची कुरणं, मासेमारी, पाटाचं पाणी लोक आपसांत नियम करून कसं टिकवतात याचा अभ्यास केला. २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. मुलांना ते नाव नाही सांगितलं तरी चालेल, पण हिवरे बाजार जरूर सांगा. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या या गावात दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतात, पाऊस किती झाला त्यावरून पिकं ठरवतात, आणि शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी आहे. ताटली रिकामी केलेल्या गटाला हे सांगायला वेगळी प्रस्तावना लागत नाही.

आता बाजार

चार-चार जणांचे गट. घरून पैसे आणायचे नाहीत, हा पहिला नियम, आणि तो मोडू देऊ नका. प्रत्येक गटाला वर्गाच्या पेटीतून सारखंच भांडवल उसनं द्यायचं, समजा १०० रुपये. मुख्याध्यापकांशी बोलून किंवा शाळा व्यवस्थापन समितीसमोर विषय ठेवून ही रक्कम आधी उभी करा. बाजार संपला की आधी उसने परत, मग बाकीचं.

दुसरा नियम: घरातून आणलेल्या वस्तूलाही दुकानाचा भाव लावायचा. “साखर घरातलीच होती” ही सबब चालणार नाही.

तिसरा: आधीच्या आठवड्यात दुसऱ्या वर्गांत फिरून विचारून यायचं, दहा रुपयांत काय घ्याल, काय घेणार नाही. दोन गटांना सरबतच विकायचं असेल तर विकू द्या.

चौथा: गिऱ्हाईक मुलंच. पालकांना शेवटच्या अर्ध्या तासात सोडा.

भाव खडूने पाटीवर लिहायचा, म्हणजे बदलता येतो. सुट्टे आधीच आणून ठेवा, १, २ आणि ५ ची नाणी भरपूर. मोबाईलवरचं पैसे देणं या दिवशी नको. मोड परत देताना होणारी वजाबाकीच तर आपल्याला हवी आहे. दहाचं नाणं चालत नाही, असं एखादं पोर सांगेल. सगळ्या प्रकारची दहाची नाणी वैध असल्याचं रिझर्व्ह बँकेने वेळोवेळी सांगितलंय, हे तिथेच स्पष्ट करा.

हिशोब कसा असावा, याचा एक नमुना. लिंबू सरबताचे २० ग्लास: लिंबं ५० रुपये, साखर २५, मीठ-वेलची ५, कागदी ग्लास २०. एकूण १००, म्हणजे ग्लासामागे ५. भाव ठेवला १०. दुपारपर्यंत १२ ग्लास खपले: १२० रुपये. दोन ग्लास विक्रेत्यांनीच रिचवले (यांची नोंद हवीच, मुलं ती लपवतात). उरले सहा. ऊन उतरलंय, शेजारचा सरबतवाला ७ वर आलाय. आता ५ ला द्यायचे की तसेच ठेवायचे? “नुकसान होईल,” असं कोणीतरी म्हणेल. विचारा, “ठेवून काय मिळेल?” सहा ग्लास ५ ने गेले तर आणखी ३०. जमा १५०, खर्च १००, शिल्लक ५०. चौघांनी तीन-तीन तास काम केलं, ते कुठे धरलं? हा प्रश्न टाका आणि उत्तराची घाई करू नका.

नफ्याचे पहिले-दुसरे-तिसरे नंबर काढू नका. तोट्यात गेलेल्या गटाला उभं करून चुका काढणंही नको. त्यांनी काय पाहिलं ते त्यांनाच सांगू द्या. बहुधा सगळ्यांत कामाचं तेच असतं.

उरलेले पैसे

नफ्याचं काय करायचं ते वर्गाने ठरवायचं. चेंडू, गोष्टीची पुस्तकं, सहलीला जमा, जे ठरेल ते. ठरावापुढे ‘सोडलं’चा रकाना भरायला विसरू नका.

पूर्वी शाळांत संचयिका, म्हणजे मुलांची बचत बँक असायची, पालकांपैकी काहींना आठवेल. आता वर्गाची छोटी बँक तुम्हीच चालवू शकता. १९९१ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या मेलजोल या संस्थेने जिल्हा परिषदेच्या शाळांत अशा बालबँका बऱ्याच चालवल्या आहेत. दहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला पोस्टात स्वतःच्या नावाने बचत खातं उघडता येतं, त्याला किमान ५०० रुपये लागतात. पण सगळ्यांना ते जमणार नाही, म्हणून वर्गात त्याची सक्ती नको आणि कोणाचं खातं आहे, कोणाचं नाही याची चर्चाही नको.

वर्गबँकेचे नियम थोडे ठेवा. पेटी मुख्याध्यापकांच्या कपाटात, वही मुलांकडे. दर महिन्याला दोन नवे खजिनदार, आकड्याने हुशार असलेलेच नव्हेत, सगळ्यांची पाळी यावी. भरणा रुपयाचाही चालेल. काढताना कारण विचारायचं नाही, पैसे त्याचे आहेत. दर शनिवारी सुट्टीआधी पेटी मोजून वहीशी ताळा करायचा, दोघांच्या सह्या, तिसरी तुमची. पाच रुपये कमी निघाले तर खिशातून घालून विषय मिटवू नका. खजिनदारांबरोबर बसून वहीतली एकेक ओळ मागे जात वाचा. बहुतेक वेळा कोणीतरी भरणा दोनदा लिहिलेला असतो.